आहत नाद

“मग तो नाद नव्हताच, आक्का?”

आक्कांनी हातातली चिंच फोडली. चिंचोका काढून बाजूला टाकला.

“डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, ते आधी सांग.”

निरंजन मठाच्या ओट्यावर टेकला. तालुक्याच्या दवाखान्यातून भर उन्हात चालत आला होता, तरी त्यानं पाणीसुद्धा मागितलं नव्हतं.

“हृदयात झडप असते. रक्त पुढं गेलं की मिटते. माझी मिटताना जराशी मागं फुगते. अशा माणसांना कधीकधी असं होतं म्हणे. एखादा ठोका वेळेआधीच पडतो. मग क्षणभर काहीच नाही... आणि पुढचा दणकन येतो.”

“मग?”

“मग काही नाही. सौम्य आहे, म्हणाल्या.” हा शब्द त्यानं थुंकून टाकल्यासारखा उच्चारला. “औषधसुद्धा नको. चक्कर येऊन पडलात, धाप लागली, छातीत दुखलं, तर लगेच या. नाहीतर अधूनमधून तपासून घ्या आणि घाबरू नका.”

“बरं झालं की मग!”

“काय बरं झालं?”

निरंजन कॉलेजात शिकवायचा. एका संध्याकाळी घरात डोळे मिटून बसला असताना त्याला छातीतून ऐकू आलं. आधी पोकळी, मग नगाऱ्यावर टिपरी पडावी तसा घाव. पोथ्यापुराणं त्यानं बरीच वाचली होती. कशावर काही न आपटता उमटणारा नाद, अनाहत नाद, तो हाच, असं त्यानं ठरवूनच टाकलं. नोकरी सोडली, घर सोडलं आणि डोंगरावरच्या या मठात येऊन बसला. त्याला तीन वर्षं झाली.

इथं त्याचा मोठा मान होता. नवे साधक त्याच्या पाया पडत. तोही आढेवेढे न घेता पाय पुढं करी. मठ चालवणाऱ्या आक्का तेवढ्या त्याच्या नादाला कधी हो म्हणाल्या नव्हत्या. नाहीही म्हणाल्या नव्हत्या.

“आणि काय म्हणाल्या ठाऊक आहे?” निरंजनचा आवाज चढला. “झोप कमी पडली की वाढतं. उपाशीपोटी काळा चहा ढोसला की वाढतं. डाव्या कुशीवर निजलं, गप्प बसलं की जास्त कळतं. मी इथं दुसरं काय केलं? जागलो, उपास केले, चहावर राहिलो आणि गप्प बसलो. आवाज वाढत गेला. मला वाटलं, माझी प्रगती होतेय!”

आक्का पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. त्यांना ठसका लागला.

“हसू नका, आक्का.”

“मग काय करू? रडायला तू बसलायस की.”

त्यांनी डोळे पुसले.

“अनाहत नव्हता तर. पुढचा ‘अन्’ तेवढा गळला. आहत उरला.”



निरंजन एकदम म्हणाला, “मोठा आजार निघाला असता तर चाललं असतं. मरणार म्हणाल्या असत्या, तरी पत्करलं असतं. पण सौम्य? ना मी सिद्ध, ना मी रोगी. आक्का, मी कशासाठी सगळं सोडून आलो?”

...

“इकडं सरक.”

तो सरकला. आक्कांनी चिंचेचे हात लुगड्याला पुसले आणि त्याच्या छातीला कान लावला.

तो अवघडला. मठात कोणी कोणाला असं शिवत नसे. त्यांचं डोकं छातीवर होतं, हलकं आणि ऊबदार. पांढऱ्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता.

ठोका... ठोका...

पोकळी.

“हा बघ, थांबला,” आक्का पुटपुटल्या.

दणकन पुढचा ठोका पडला आणि निरंजनच्या घशातून भलताच आवाज आला. त्यानं तोंडावर हात दाबला.

आक्कांनी डोकं उचललं.

“कोण आठवलं?”

...

“विभावरी.”

“ती कोण?”

“माझी बायको.” मग त्यानं दुरुस्त केलं. “होती.”

“तीन वर्षांत हे नाव ऐकलं नाही मी तुझ्या तोंडून.”

“ती अशीच निजायची. इथंच डोकं ठेवून.” त्यानं छातीवरची जागा दाखवली आणि हात पटकन काढून घेतला. “म्हणायची, अहो, मध्येच थांबतं की हो हे. दाखवून येऊ या ना. रोज मागं लागायची.”

“म्हणजे तिला आधी ऐकू आला.”

“माझ्या कितीतरी आधी.”

“तू काय म्हणालास?”

...

“तुला नाही कळायचं, म्हणालो.”

खाली तळ्यावर कोणीतरी म्हशींना हाकारत होतं.

निरंजन उठला. “मी जातो, आक्का. आत्ता निघतो. तिच्या पायांवर डोकं ठेवतो. सांगतो, तुझंच खरं होतं.”

“जा की. कुठं असते?”

तो दोन पावलं गेला आणि थांबला. जणू ही गोष्ट त्याला आत्ताच कोणी सांगितली होती.

“साताऱ्याला... गेल्या वर्षी लग्न केलं तिनं. सोडचिठ्ठीवर मीच सही केली होती. साधकाला बंधन नको, म्हणालो होतो.”

“मग तिचा कान आता दुसऱ्या छातीवर आहे,” आक्का म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. दयाही नव्हती.

निरंजन परत येऊन ओट्यावर बसला. तो त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. इतकी वर्षं पायाशी बसलो, आता तरी या काही देतील, असं त्याला वाटत होतं. एखादा मंत्र, एखादं व्रत, निदान एखादी शिवी.

आक्कांनी पुढची चिंच फोडायला घेतली.

छातीत पुन्हा तेच झालं. पोकळी... आणि घाव.

“परत होतंय, आक्का. मी काय करू?”

“धडधडू दे.”