त्याच मापाचा, जुना

एका गावात एक भोळा सर्जेराव राहत होता. भोळा म्हणजे किती, तर कुणी 'बस' म्हटलं की 'ऊठ' म्हणेपर्यंत उठायचा नाही. अशा माणसानं जुनी मोठी गाडी घेतली. उंच, काळी, आठ माणसं ऐसपैस बसतील अशी. त्याच्याआधी चार मालकांनी ती वापरली होती. चौघांनी ती का विकली हे कुणी सांगितलं नाही आणि सर्जेरावानं विचारलं नाही.

गाडीपायी बायकोच्या, शैलाच्या, पाटल्या मोडल्या. ती एवढंच म्हणाली, "पाटल्या गेल्या तर गेल्या. पण आमच्या रेशमाच्या लग्नात नवरदेव आपल्याच गाडीतनं मांडवात आला पायजे. माहेरी माझी मान वर राहू द्या." रेशमा तिची धाकटी बहीण. लग्न महिन्यावर आलं होतं. सर्जेरावानं शब्द दिला.

आठवड्यातच गाडीखाली तेल ठिबकू लागलं. फाट्यावरच्या हणमंत मिस्त्रीनं वाकून पाहिलं. म्हणाला, सील आणायला चार दिवस लागतील, तोवर खाली डबा ठेव आणि साठेल ते परत वर ओत. सर्जेरावानं डबा ठेवला. दुसऱ्या दिवशी ऊन होतं म्हणून त्यानं एसी लावला. एसीचं पाणी खाली ठिबकलं. सर्जेरावाला आनंद झाला. तेल कालच्यापेक्षा कितीतरी स्वच्छ निघालं होतं. त्यानं डबाभर पाणी इंजिनात ओतलं.

इंजिन खोलावं लागलं. त्या खर्चात गोठ्यातली म्हैस गेली.

मिस्त्री म्हणाला, "आरं बाबा, आधी बोट बुडवून बघावं, तेल हाय का पाणी. मग वतावं."

हेही सर्जेरावानं ध्यानात ठेवलं. पुढच्या बाजाराच्या दिवशी चढावर गाडी तापली, पुढून वाफ निघाली. आत पाणी आहे का बघावं म्हणून त्यानं रेडिएटरचं झाकण उघडलं आणि बोट बुडवलं. पाणी होतं. उकळत होतं.

फडकं बांधलेलं बोट बघून मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. म्हणाला, गाडी तापली की तिला हात लावायचा नाही, गार होईपर्यंत लांब सावलीला बसायचं. सर्जेराव बसला. चारच दिवसांनी सरपंचांच्या दारात गाडी तापली, तसा तो समोरच्या लिंबाखाली जाऊन बसला. हँडब्रेक गेलेला होता. गाडी हळूहळू उताराला लागली. लोक ओरडले, अरे धर, आत उडी मार. सर्जेरावानं शांतपणे सांगितलं, "अजून गरम हाय." गाडी सरपंचांच्या न्हाणीघरात जाऊन थांबली. आत सरपंच होते.

न्हाणीघर बांधून देण्यात वर्षाचा गहू गेला. शैला आता बोलेनाशी झाली होती. ती नुसती बघायची, आणि ते बघणं सर्जेरावाला बोलण्यापेक्षा जड जाई.

मग घाटात सायलेन्सर पडला. तो शोधायला सर्जेराव मागं चालत गेला. जाताना धुकं होतं, म्हणून दिवे तेवढे लावून गेला. सायलेन्सर कुणीतरी नेला होता. दुपारी तो परत आला तेव्हा बॅटरी पार उतरली होती.

या वेळी मिस्त्रीनं त्याला समोर बसवून नीट समजावलं. "बॅटरी उतरली की ढकलून चालू करायची. चालू झाली की थांबायचं न्हाई, चांगली पाच कोस पळवायची. आणि वाटंत काय पडलं तर मागं फिरायचं न्हाई. पुढं दौलतअण्णाचं भंगाराचं दुकान हाय. तिथनं त्याच मापाचा जुना घ्यायचा. नव्याच्या निम्म्यात काम हुतं, आन् कुणाला कळतबी न्हाई."

लग्नाचा दिवस उजाडला. वऱ्हाड टेंपोनं पुढं गेलं होतं. सर्जेरावाच्या गाडीत नवरदेव आणि त्याचे दोन मित्र होते. निघताना शैलानं फोनवर बजावलं, मुहूर्त चुकवू नका आणि रिकामी गाडी घेऊन मांडवात तोंड दाखवू नका.

घाटाच्या माथ्यावर गाडी बंद पडली. नवरदेवानं कोट, फेटा, मुंडावळ्या आणि फोन सीटवर ठेवला आणि मित्रांबरोबर खाली उतरून धक्का मारला. गाडी चालू झाली. सर्जेराव थांबला नाही. मागं तिघं हात हलवत पळत होते. त्यानंही हात हलवला. मागच्या सीटवर फोन सारखा वाजत होता, पण चालवताना फोन घ्यायचा नसतो.

पाच कोसांवर त्यानं वळून पाहिलं. नवरदेव नव्हता. मुहूर्ताला जेमतेम अर्धा तास होता, आणि शैलाची मान त्याच्या हातात होती. मग समोर दौलतअण्णाच्या दुकानाची पाटी दिसली आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

मांडवात तो मुहूर्तावर पोहोचला. भटजींनी घाई केली, नवरदेवाला धरून पाटावर उभं केलं. फुलांच्या मुंडावळ्यांआड कुणाला काही दिसलं नाही. शैला हसली. कितीतरी दिवसांनी हसली. मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, अंतरपाट दूर झाला. रेशमानं हार उचलला, फुलं बाजूला सारली आणि हार तिच्या हातातच राहिला.

समोर दौलतअण्णा होते. पासष्टीचे, विधुर, फेट्यात अगदी व्यवस्थित बसलेले. आनंदानं त्यांचे दोन्ही दात दिसत होते.

सासरे कसेबसे म्हणाले, "जावईबापू, हे कोण?"

"नवा घाटात पडला," सर्जेराव म्हणाला. "हा जुना हाय, पण मापाचा हाय. कोट घालून बघितला."

"आत्ताच्या आत्ता परत नेऊन द्या," शैला म्हणाली.

सर्जेरावानं खेदानं मान हलवली.

"विचारलं मी. त्यांची सून म्हणाली, इकलेला माल परत घेत न्हाई."