गोभद्राचे शेत

नगर मिथिला होते की चंपा, हे आता नक्की आठवत नाही. पण पूर्वी तिथे मृदुबल राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने शेतकऱ्याच्या घरी जन्म घेतला होता. मोठेपणी त्याने नगराबाहेर एक शेत घेतले. ते मुळात एका गवळ्याने रान तोडून केलेले. त्याच्याकडून ते एका कुंभाराकडे गेले, कुंभाराकडून गोभद्राकडे. गोभद्राने तिथे विहीर खणली, जन्मभर जमीन कसली आणि म्हातारपणी विकली. विकल्याचे मात्र तो विसरला.

रोज सकाळी खांद्यावर कुदळ टाकून तो यायचा. "अरे, मोट अजून जुंपली नाहीस? झोपा काढायला ठेवलंय का तुला?"

"जुंपतो, मालक," बोधिसत्त्व म्हणायचा. म्हाताऱ्याने भलत्याच वाफ्यात पाणी सोडले, तर तो गेल्यावर हळूच वळवायचा.

शेजारचा सोमक हसायचा. "शेत घेतलंस की धनी विकत घेतलास रे?"

त्या राज्यात दर काही वर्षांनी शिवाराची फेरी निघे. ढोलाबरोबर बांधावरून जो पुढे चालेल, त्याची जमीन. फेरी आली तसा गोभद्र पागोटे सावरून बांधावर चढला.

"इथला मालक कोण?" राजपुरुषाने विचारले.

"दिसत नाही का? मी!"

बोधिसत्त्वाची बायको चित्रा कुजबुजली, "अहो, बोला ना. पोरंबाळं आहेत आपल्याला."

बोधिसत्त्वाने म्हाताऱ्याच्या ताठ मानेकडे पाहिले. आता सांगितले, तर याचे शेत आज, साऱ्या गावासमोर, पुन्हा एकदा जाईल.

"पुढे ते चालतील," तो म्हणाला. "कसणारा मी."

ढोल वाजला. म्हातारा पुढे, तो मागे.

चित्रा दोन दिवस बोलली नाही. मग तिने शिदोरी बांधून दिली, ती म्हाताऱ्यालाही पुरेल एवढी.

पुढल्या फेरीआधीच गोभद्र वारला. त्या फेरीला त्याचा मुलगा बांधावर चढेना. "दादा, तुम्ही व्हा पुढे," म्हणत त्याने बोधिसत्त्वालाच हाताला धरून पुढे केले. मग गोभद्राची सून म्हणाली, "मागल्या फेरीच्या दिवशी संध्याकाळी मामंजींनी विचारलं होतं, 'सूनबाई, आपण शेत विकलं होतं का गं?' मी म्हटलं, 'शेत आपलंच आहे.' आणि दादा, त्या दिवशी ते खोटंही नव्हतं."

एवढे सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, भिक्षूंना म्हणाले, "विसरून दुसऱ्याच्या कुटीत शिरणारे हे वृद्ध भिक्षू, तेच तेव्हा गोभद्र होते. त्यांना आज हसलेला तरुण, तो सोमक. चित्रा म्हणजे राहुलमाता, आणि शेतकरी मी. त्या जन्मी मी साधली ती मैत्री, साऱ्यांविषयीचा निर्मळ स्नेह. तिच्यात त्या सुनेचाही वाटा होता."