एक सामना वगळून

नोव्हेंबरच्या त्या सामन्याबद्दल आजोबांना विचारायचं नाही, असा आमच्या घरातला नियम होता. आजोबा म्हणजे एझ्रा प्रुइट, ओहायोतल्या आमच्या कॉलेजच्या फुटबॉल संघातले पहिले काळे खेळाडू. दर नोव्हेंबरला ते जुन्या बुटांना तेल चोळत गप्प बसायचे. तो वास मला अजून आठवतो.

ते गेल्यावर कॉलेजने त्यांची तसबीर लावायचं ठरवलं. भाषण माझं होतं. आदल्या दिवशी त्यांच्या संघातले तिघे म्हातारे माझा कागद वाचून कुरकुरले.

"पोरी, तो सामना वगळ," कप्तान विटकॉम्ब म्हणाले. "दक्षिणेकडच्या राज्यातले पाहुणे खेळाडू काळ्यासमोर खेळायला तयार नव्हते, म्हणून एझ्राला बाहेर बसवलं. पण बरोबरी म्हणून त्यांनीही आपला एक चांगला खेळाडू बसवला. मग अन्याय कुठे झाला?"

"बरोबरीच करू," मी म्हणाले. "आजोबांचा एक सामना वगळते, तुमचाही एक वगळते. तुम्ही करंडक जिंकलात तो."

"अगं, त्या सामन्याच्या आठवणीवर तर आम्ही आयुष्य काढलं!"

"आजोबांनीही काढलं, न खेळलेल्या सामन्याच्या आठवणीवर. मी एक ओळही खोडणार नाही."

विटकॉम्बनी कागद माझ्या हातात परत दिला.