सुईचा विसावा

एका गावात एक सून होती, आणि ती सदा दमलेली असायची. नाव कौसल्या, पण सासरी सगळे कौसा म्हणत. पहाटे शेणगोठा, मग भाकऱ्या, मग दुसऱ्याच्या रानात खुरपणं, आणि परत आली की रिकामा हंडा दारात वाट बघत बसलेला.

त्या साली तालुक्याहून एक ताई आल्या. महादेवाच्या देवळाच्या ओसरीवर त्या बायकांना गोधड्या शिवायला शिकवू लागल्या. तशी गोधडी घरोघरी शिवली जायचीच, पण विकायच्या गोधडीला टाका सारखा हवा, कड सरळ हवी. ताईंनी सांगून ठेवलं होतं की श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी जत्रेत जिची गोधडी मांडली जाईल, तिला बारमाही काम मिळेल.

कौसाचा टाका सगळ्यांत सुबक. पण घरातून परवानगी मिळाली ती "आपलं काम आटपून जा" अशी, आणि काम काही आटपायचं नाही. ओसरीवर पोचेपर्यंत उन्हं कलायची. बसली की डोळा लागायचा आणि सुई बोटात घुसायची. नवरा चेष्टा करायचा, गोधडी विकायचीय की तिच्यावरच झोपायचंय? श्रावण लागला तरी गोधडी अर्धीच होती. शेवटी तिने ठरवलं, उद्या सुई ताईंना परत देऊन टाकायची.

पण दुसऱ्या दिवशी नागपंचमी. त्या दिवशी काही चिरायचं नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही, सुई उचलायची नाही. सासूबाई सणावाराच्या पक्क्या. त्यांनी पाटावर विळी, तवा आणि कौसाची सुई मांडली, सुईखाली कापूस ठेवला, हळदकुंकू वाहिलं. म्हणाल्या, "वर्षभर राबतात बिचाऱ्या. आज यांना हात लावायचा नाही."

कौसा कमरेवर हंडा घेऊन उंबऱ्यात उभी होती. उलटून बोलणं तिच्या स्वभावात नव्हतं. तरी तिच्या तोंडून निघून गेलं,

"आत्याबाई, माझ्या हातांचा सण कधी असतो हो?"

सासूबाई सुनेच्या टोचलेल्या, भेगाळलेल्या बोटांकडे बघत राहिल्या. मग आपल्याही हातांकडे बघितलं. पुढे होऊन त्यांनी हंडा काढून घेतला आणि लेकाच्या हातात दिला.

"जा. विहीर तुलाही ठाऊक आहे."

आळीत हसू पसरलं. शेजारीण म्हणाली, "काय हो काकू, नवी सून केलीत? मिशा आहेत हिला."

"असू देत," सासूबाई म्हणाल्या, "पाणी तर आणतेय."

त्या दिवसापासून पाणी लेकाकडे गेलं, संध्याकाळच्या भाकऱ्या सासूबाईंनी घेतल्या. कौसा वेळेवर ओसरीवर जाऊ लागली. सुई ताईंना परत गेलीच नाही. जत्रेत तिची गोधडी अगदी पुढे मांडली होती, आणि बारमाही काम तिच्याकडे आलं. रान सुटलं नव्हतं, अजूनही ती दमायची. पण आता दुपारी ओसरीवर तिचा डोळा लागत नसे.

पुढच्या नागपंचमीला विळी, तवा, सुई पाटावर मांडून झाल्या. सासूबाईंनी करंडा खाली ठेवला नाही.

"कौसे, हात आण इकडे," त्या म्हणाल्या, आणि दोन्ही तळव्यांना हळदकुंकू लावलं.

तात्पर्य: बाईला कसब शिकवणारं कुणी बाहेरून येईलही, पण ते फळाला यायचं तर तिच्या हातांना विसावा घरच्यांनीच द्यावा लागतो.