धुतलेलं करडू

फार पूर्वी, जेव्हा जनावरं बोलत असत आणि माणसं निदान अर्धं तरी ऐकून घेत असत, तेव्हा एका डोंगराच्या पायथ्याशी ठकू नावाची बाई राहत होती. तिच्याकडे तीस शेळ्या होत्या, एक कुडाचं घर होतं आणि जीभ अशी होती की लांडगासुद्धा वाट वाकडी करून जाई.

ठकूची पहिली दोन पोरं पाळण्यातच गेली. तिसरी मुलगी झाली तेव्हा ठकूनं तिला उकिरड्यावर ठेवलं, मागं वळून न पाहता घरापर्यंत चालत आली आणि मग धावत जाऊन परत उचललं. नाव ठेवलं केरा. केरात टाकलेलं पोर काळाच्या नजरेत भरत नाही, असं तिकडं मानत. हसायचं असेल त्यानं हसावं. पोरगी जगली.

केरा तीन वर्षांची असताना ठकूचा नवरा तापानं गेला. त्याची थोरली बहीण गोजरा दिवसांना आली. गोजराला मूलबाळ नव्हतं. दिवस झाले, तेरावं झालं, तरी ती जाईना. केराला न्हाऊ घाल, केराला भरव, केराला कडेवर घेऊन गावभर फिर. ठकूला बरंच वाटलं, तिचे हात मोकळे झाले. एके दिवशी ती शेळ्या घेऊन रानात गेली आणि दुपारी परतली, तर घरात नणंद नाही आणि लेकही नाही.

ठकू गोजराच्या गावी धावली, तर तिचं घरही मोकळं. मग ती चावडीवर गेली. पाटील सुपारी कातरत बसला होता.

"आत्यानंच नेली न्हवं?" तो म्हणाला. "मग चोरी कसली? घरातलं पोर घरातच हाय."

ठकू राजाच्या शिपायाकडे गेली. शिपाई म्हणाला, "येईल चार दिवसांनी. आत्या काय पोरीला खाणार हाय व्हय?"

चार दिवस झाले, चार महिने झाले, दहा वर्षं झाली. परक्यानं पोर पळवली असती तर गाव काठ्या घेऊन धावलं असतं. आपल्या माणसानं पळवली म्हणून एक कुत्रं भुंकलं नाही.

ठकूनं मात्र विचारणं सोडलं नाही. वाटेनं कुणीही जावो, लोहार जावो, वैदू जावो, ती आडवी उभी राही. "डाव्या हाताला सहा बोटं असलेली पोरगी दिसली का?" लोक तिला टाळू लागले. ती शेळ्यांशी भांडे, शेजारणींशी भांडे, वाऱ्याशीही भांडे. पण कुणाची लेक आईच्या पदराला धरून चाललेली दिसली की ठकू तोंड फिरवून उभी राही. तिच्या छातीत तेव्हापासूनच निखारा होता. पुढं त्याचा जाळ झाला एवढंच.

एकदा एक कासार बांगड्यांचं ओझं घेऊन आला. त्यालाही ठकूनं विचारलं. तो म्हणाला, "डाव्या हाताला सहा? खिंडीपल्याड एका पोरीला बांगड्या भरल्या खऱ्या. त्या करंगळीशेजारच्या जादा बोटापायी माझ्या तीन फुटल्या. ध्यानात न्हाई राहणार तर काय!"

ठकू तशीच चावडीकडं पळाली.

तोवर जुना पाटील मेला होता. नवा जरा माणसात होता. तो दोन शिपाई घेऊन ठकूबरोबर खिंड ओलांडून गेला.

गोजरा अंगणात शेळीची धार काढत होती. तिनं ठकूला पाहिलं आणि हातातला तांब्या खाली ठेवला. नाही म्हणाली नाही. म्हणाली एवढंच, "वहिनी, माझ्या भावाचं रक्त हाय ती. तुला अजून झाली असती. मला कोण व्हतं?"

"माझं पोट काय सदावर्त वाटलं तुला?" ठकू ओरडली.

आवाज ऐकून पोरगी दारात आली. तेरा वर्षांची, उंच, बापाच्या कपाळाची. ठकूनं दोन्ही हात पुढं केले. दहा वर्षं ती या एका घडीसाठी जगली होती.

पोरगी गोजराच्या मागं लपली आणि म्हणाली, "आय, ही कोण गं?"

ठकूचे हात तसेच राहिले. आय! आणि ते तिला नाही, त्या चोरटीला. ठकूला लेक सापडली त्याच क्षणी मत्सरही सापडला, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी तिनं आधी मत्सरालाच कडेवर घेतलं.

पाटलानं निवाडा केला. पोरगी आईची. गोजरानं खिंडीतला शिवेचा दगड ओलांडायचा नाही, ओलांडला तर राजाची कोठडी. निवाडा चोख होता. पण पोरीला आजवर सांगितलेलं होतं की तिची खरी आई मेली. मेलेली बाई तिला हाताला धरून डोंगर उतरवत होती. पोरगी सगळी वाट मागं बघत चालली.

घरी आल्यावर ठकूनं हुलग्याचं माडगं केलं. पोरीनं दोन घोट घेतले.

"का गं? न्हाई आवडलं?"

"आवडलं. पण आय ह्यात लसूण घालती."

"आय मी हाय," ठकू म्हणाली. "केरा, ध्यानात ठेव."

"माझं नाव सोनाई."

ठकूला मिरची लागावी तसं झालं. सोनाई! तिनं पोर जगावी म्हणून स्वतःच्या हातानं तिला उकिरड्यावर ठेवलं, आणि त्या बयेनं आयत्या जगलेल्या पोरीला सोन्याचं नाव दिलं. सोपंच की.

तेव्हापासून ठकूचे डोळे पोरीकडे कमी आणि पोरीतल्या गोजराकडे जास्त. पोरगी घोंगडीची घडी तीन पदरी घाली. गोजराची घडी. वेणी कानामागून घाली. गोजराची वेणी. शेळीची धार काढताना अंगठा आत मुडपून काढी, तर ठकूच्या घरात मुठीनं काढायची रीत. "कुणी शिकवलं हे? सड खराब व्हतात!" पोरगी गप्प राही. गप्प राहिली की ठकू आणखी जळे, कारण उत्तर तिला ठाऊकच असे.

एक दिवस ठकूनं ठरवलं, आता हे धुऊनच काढायचं. पोरीनं येताना आणलेली पांघरायची चौघडी होती, गोजराच्या जुन्या लुगड्याची. ती चुलीत घातली. पोरीला ओढ्यावर नेलं आणि रिठ्यानं तीनदा न्हाऊ घातलं, केसांतलं त्या घरचं तेल जाईतो घासलं. मानेची कातडी लाल झाली. म्हणाली, "ती बाई मेली असं समज. तिचं नाव ह्या घरात निघायचं न्हाई."

पोरगी रडली नाही. तिनं बोलणंच बंद केलं. बोलावलं की येई, सांगितलं की करी. ठकूला वाटलं, चला, धुतलं गेलं.

पुढच्याच आठवड्यात एक गोष्ट झाली. ठकूची कबरी नावाची शेळी होती. तिचं आठ दिवसांचं करडू चुकून दुसऱ्या कळपात गेलं आणि चार दिवस दुसऱ्याच शेळीला पिऊन परत आलं. करडू धावत कबरीच्या कासेला गेलं. कबरीनं हुंगलं आणि धडक दिली. पुन्हा आलं, पुन्हा धडक.

"अगं मेले," ठकू ओरडली, "सोताचं पोर वळखीना तुला?"

"वळखते की," कबरी म्हणाली. "म्हणून तर मारते. दुसरीचं पिऊन आलंय. वास येतोय."

आता यावर उपाय शेळ्या राखणाऱ्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. शेळीचं स्वतःचं दूध काढायचं, करडाच्या पाठीला आणि शेपटाखाली चोळायचं आणि शेळीला शिंगाला धरून उभं करायचं. ती चाटते, दोन दिवसांत घेते. ठकूनं आयुष्यात पन्नास वेळा हे केलं होतं. पण त्या दिवशी 'दुसरीचा वास' एवढंच तिच्या कानात गेलं आणि तिचं डोकं फिरलं. तिनं करडू उचललं, ओढ्यात बुचकळलं आणि खसाखसा धुतलं.

पोरगी आठ दिवसांनी पहिल्यांदा बोलली. "धुवू नका. धुवायचं नसतं."

ठकूनं ऐकलं नाही. ओलं, कुडकुडणारं करडू तिनं कबरीपुढं ठेवलं. कबरीनं हुंगलं. या वेळी धडकसुद्धा दिली नाही. मान फिरवली आणि बाभळीच्या शेंगा खाऊ लागली.

"आता का मारीना गं?"

"कुणाला मारू? हे कुणाचं हाय तेच कळंना. मारायलासुद्धा वळख लागती, ठकू."

ठकू पाय आपटत घरात गेली. घटकाभरानं बाहेर आली, तर करडू नाही आणि पोरगीही नाही.

"कबरे! कुठं गेली ती?"

"करडाला उराशी धरून खिंडीकडं गेली. भुकेनं मरत व्हतं ते."

"नेली! परत नेली त्या चोरटीनं!"

"कुणी न्हाई नेली," कबरी म्हणाली. "मागल्या येळेला नेली व्हती. ह्या येळेला गेली. आणि एक सांगू का? मी शेळी हाय. मला नाकाबिगर दुसरं काही दिलेलं न्हाई देवानं. तुला काय झालंय?"

ठकू धावली. दगडगोट्यांतून, करवंदीच्या जाळीतून, श्वास छातीत मावेना तरी धावली. दहा वर्षांपूर्वी ती अशीच धावली होती, पण तेव्हा शिव्या घालायला कुणीतरी होतं. आज तिच्या तोंडात शिव्या होत्या आणि त्या जाऊन पडाव्यात असं एकच माणूस होतं, ती स्वतः.

खिंडीत शिवेचा शेंदरी दगड होता. दगडापल्याड गोजरा शेळ्या घेऊन उभी होती. ती रोजच तिथवर येत असावी, पायवाट पडली होती. तिची एक शेळी दगडाशी उभी होती आणि करडू तिच्या कासेला लागलं होतं. अलीकडे पोरगी उकिडवी बसली होती.

"ये, माझी सोनाई," गोजरा हात पुढं करून म्हणत होती. "एक पाऊल टाक फकस्त. आपण लांब जाऊ, दुसऱ्या मुलखात. तिला सापडणारच न्हाई."

"गोजरे!" ठकू किंचाळली. "केरा, हिकडं ये! माझ्या मागं हो!"

पोरगी उठली. ना इकडं आली, ना तिकडं गेली.

"तू मला म्हणालीस, तुझी आय मेली," ती गोजराला म्हणाली. मग ठकूकडे वळली. "आणि तुम्ही म्हणता, आय मेली असं समज. मी तेरा वर्षांची हाय आणि माझ्या दोन आया मेल्या. दोघीबी जित्याजागत्या हायेत, आणि दोघींचं सुतक मी धरलंय. अजून किती धरू?"

पिणाऱ्या करडाचा चुटुकचुटुक आवाज तेवढा येत राहिला.

ठकूला ती 'तुम्ही' म्हणाली होती. परक्या बाईला म्हणतात तसं. ठकूनं आपल्या हातांकडे पाहिलं. रिठ्यानं तिचीही बोटं सोललेली होती. गोजरानं दहा वर्षं पोरीपासून आई लपवली. आपण महिनाभरात पोरीपासून तिचीच दहा वर्षं लपवायला निघालो. चोरी तीच, घर तेवढं दुसरं.

ती खाली मातीत बसली.

"लसूण आधी घालती का मागनं?" तिनं विचारलं.

"काय?"

"माडग्यात गं. ही... तुझी आय. लसूण कधी घालती?"

पोरगी तिच्याकडे बघत राहिली. "फोडणीत," ती हळूच म्हणाली. "ठेचून."

"बरं. आणि आजारी पडलीस तर काय करायची?"

पोरीनं सांगितलं. गोवर आला तेव्हा गोजरा आठ दिवस उशाशी बसली होती ते सांगितलं. पहिला दात पडला तो सांगितला. ठकूला एकेक शब्द विंचवासारखा चावला. तो दात तिचा होता, तो गोवर तिचा होता, ते उशाशी बसणं तिचं होतं. तरी ती ऐकत बसली. मधे एकदा तोंडावर पदर दाबला, पण 'पुरे' म्हणाली नाही.

मग ती उठून दगडापाशी गेली.

"गोजरे," ती म्हणाली, "माझ्याकडं माफी मागू नको, मिळायची न्हाई. दहा वर्षं खाल्लीस माझी. पण पोरीच्या अंगात तुझं अन्न हाय, ते मी खरवडून काढू बघत व्हते. ते आता न्हाई करायची. दर अमावस्येला हिथं ये. पोरगी येईल, तिच्याशी बोल. मी हिथंच बसंन. दगडाच्या अलीकडं पाय टाकलास, न्हाईतर तिला पलीकडं ओढलीस, तर तंगडं मोडीन, वन्सं."

गोजरा रडली. पोरगी तिच्या नजरेसमोरच वळली आणि ठकूच्या दिशेनं चालू लागली. कुणी हात धरला नव्हता. चार पावलं अंतर ठेवून का होईना, ती आपल्या पायांनी आली.

करडू काही आलं नाही. ते त्या शेळीला सोडीना. ते गोजराच्याच कळपात वाढलं आणि ठकूचं एक जनावर तिच्याच हातानं गेलं.

मत्सर गेला का? छे. माडग्यात लसूण पडला की दर वेळी ठकू तोंड फिरवी. पण ती वाटीभर मागून घेई आणि पिई. पोरीनं तिला 'तुम्ही' वरून 'तू' म्हणायला एक पावसाळा घेतला आणि 'आय' म्हणायला तीन. ठकूनं एकदाही आठवण करून दिली नाही. एवढा धीर तिनं जन्मात कशाला धरला नव्हता.

तात्पर्य: हरवलेलं लेकरू घरात घ्यायचं असेल, तर त्यानं दुसरीकडे काढलेले दिवसही त्याच्याबरोबर घरात घ्यावे लागतात.