जेवण पळालं!

फार जुनी नाही, माणसांचं प्लास्टिक समुद्रात पोचल्यानंतरचीच ही गोष्ट. एका खाडीच्या तोंडाशी तारली माशांचा थवा राहत होता. त्यात मावशीबरोबर राहणारी चिमी भारी आळशी. पाण्यातले इवले इवले जीव हे तारल्यांचं जेवण. पण ते टुणकन उड्या मारून निसटायचे आणि चिमीला दम लागायचा.

एकदा तिला लाल-निळे कण तरंगताना दिसले. ते मुळीच पळत नव्हते. “मावशे, जेवण आपणहून तोंडात येतंय!” म्हणत तिने त्यांच्यावर ताव मारला. तो प्लास्टिकचा चुरा आहे, हे तिला कुठे ठाऊक!

मग तिला भूकच लागेना. पोट टम्म, अंग मात्र वाळत चाललेलं. एका सकाळी सुरमई थव्यावर चालून आली. सगळ्या सळसळत निसटल्या, पण चिमीच्या शेपटीत जोरच नव्हता. मावशीने मागे फिरून तिला ढकलत ढकलत खडकाच्या फटीत कोंबलं, म्हणून ती वाचली.

“खात काय होतीस गं तू?” मावशीने धापा टाकत विचारलं.

“जे पळत नाही ते.”

“अगं वेडे, जीव असेल ते पळणारच. सुरमईला बघून आपण नाही का पळालो?”

चिमीला रडू आलं आणि हसूही. तिचं पोट हळूहळू रिकामं झालं, अंगात बळ आलं. आता ती प्रत्येक घासाला आधी शेपटीने डिवचते. परवा एक ठिपका टुणकन उडाला आणि दिसेनासा झाला. उपाशी चिमी आनंदाने ओरडली, “मावशे, पळालं! जेवण पळालं!”