झेलिनचा किल्ला परत कोण देणार?

अठराव्या शतकात ऑस्ट्रियाची युद्धसमिती व्हिएन्नातल्या मऊ खुर्च्यांत बसून लढाया चालवायची. तिच्या सहीशिवाय सेनापतीने तोफसुद्धा हलवायची नाही, आणि सहीचा कागद यायला तीन आठवडे! साध्या शिपायापासून चाळीस वर्षांत जनरल झालेल्या रेटिंगरने वाट न बघता तुर्कांचा झेलिन किल्ला घेतला. बक्षीस काय, तर चौकशी! त्याचं जनरलपद जाणार होतं.

समितीसमोर तो सारखा येरझाऱ्या घालत होता.

"एका जागी उभे राहा!" अध्यक्ष काउंट ट्राउनफेल्ड खेकसले. "परवानगीशिवाय घेतलेला किल्ला बेकायदा आहे."

"चुकलंच, सरकार. लगेच दुरुस्त करतो." रेटिंगरने कोरा कागद आणि लेखणी पुढे केली. "'किल्ला तुर्कांना परत द्या' एवढं लिहून सही करा. देऊन येतो. तुमची परवानगी आली की पुन्हा घेईन."

काउंटनी लेखणी शेजाऱ्याकडे सरकवली, त्याने पुढच्याकडे. टेबलाला फेरी मारून ती रेटिंगरपाशी परत आली. कागद कोराच.

"म्हणजे किल्ला आपल्याकडेच राहतोय," रेटिंगरने टोपी उचलली. "मग तो राखायला जनरलही लागेल. निघतो मी."

त्याला कोणीही अडवलं नाही. अडवायलाही सही लागली असती.